पट्ट्या-पट्ट्यांची पृथ्वी

आयटीत नोकरी लागली की नातेवाइकांच्या दृष्टीने आपण तीन गोष्टींचे तज्ज्ञ होतो: प्रिंटर, मोबाईल आणि 'ते स्क्रीनवर कायतरी यायलंय ते'. आपण दिवसभर कुठल्यातरी बँकेच्या बॅकएंडचं जावा लिहीत असतो, कॉलेजच्या लॅबनंतर हार्डवेअरला हात लावलेला नसतो, हे सांगून काही उपयोग नाही. "एवढं इंजिनिअरिंग केलं अन् एवढं येत नाही?" या प्रश्नावर आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. मीही शोधणं सोडून दिलंय. घरी जाताना बॅगेत एक स्क्रू-ड्रायव्हर टाकतो, झालं.

तर गेल्या दिवाळीत खुलताबादला मामांकडे गेलो होतो. संभाजीनगरहून निघालं की दौलताबादचा घाट चढायचा, रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, त्या संपल्या की गाव. बाहेरच्या लोकांना खुलताबाद म्हणजे औरंगजेबाची कबर नाहीतर वेरूळला जाताना लागणारं गाव एवढंच माहीत असतं. आमच्यासाठी ते भद्रा मारुतीचं गाव. मामांचं दुकान त्याच रस्त्याला आहे: नारळ, फुलं, रुईच्या माळा, पेढे. श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून लोक रात्रभर चालत दर्शनाला येतात. ते चार-पाच शनिवार म्हणजे दुकानाचा सीझन. बाकी वर्ष आपलं चालतं तसं चालतं.

चहा हातात यायच्या आधीच मामा म्हणाले, "ते कॉम्प्युटर बघ बरं जरा. कार्ड गेलंय म्हणतो दुकानवाला. बारा हजार सांगितलेत."

बारा हजार. मी मनातल्या मनात नारळांत हिशोब केला आणि गप्प बसलो.

कॉम्प्युटर माझ्या मामेभावाचा. साहेब बारावी सायन्सला. मशीन सेकंडहँड, दोन वर्षांपूर्वी फॉर्म भरायला आणि ऑनलाईन क्लासला म्हणून घेतलेलं. त्यावर साहेबांनी एक अवकाश-उड्डाणाचा गेम टाकलेला. गोळ्या झाडायचा नव्हे. यानाचं इंजिन किती सेकंद पेटवायचं, कुठे बंद करायचं, कक्षा गोल कशी करायची, असला रुक्ष गेम. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावर गेले, जुलैत परत आले, तेव्हापासून या मुलाच्या डोक्यात एकच: ४०० किलोमीटरवरून, यानाच्या खिडकीतून आपलं गाव कुठे दिसतं ते बघायचं. अक्षांश २०, रेखांश ७५ हे त्याला रोल नंबरासारखं पाठ.

आणि नेमकं तिथे गेल्यावर खिडकीतून पृथ्वी दिसायची ती पट्ट्या-पट्ट्यांची. ढगांतून जमिनीचे तुकडे वर आलेले, करवतीच्या दात्यांसारख्या कडा, आणि यान जरा हललं की ते सगळं वळवळायचं. झेब्र्याला ताप आल्यासारखं.

मामांचं म्हणणं साधं होतं. गेम खेळून खेळून मशीन तापलं, कार्ड जळलं. बारा हजार घालायचे किंवा मशीन विकून टाकायचं आणि पोराने मुकाट पुस्तक घेऊन बसायचं. दिवाळीनंतर काय ते ठरवू. मामेभाऊ कोपऱ्यात उभा राहून नखं खात होता. त्याचं फिजिक्स बरं आहे, बी.एस्सी. करून पुढे कुठेतरी अवकाशाचं काही करावं असं त्याच्या मनात आहे, आणि हे त्याने घरात अजून सांगितलेलं नाही. मला माहीत होतं, कारण त्याने रात्री साडेबाराला मला मेसेज केला होता.

"कधीपासून होतंय?" मी विचारलं.

"पंधरा दिवस."

"त्याच्या आधी काही केलंस? काही टाकलंस?"

"नाय दादा. काहीच नाय."

आमच्या कंपनीत प्रॉडक्शन पडलं की पहिल्या कॉलवर प्रत्येक टीम हेच म्हणते. 'काहीच बदललं नाही.' मी पुढे काही बोललो नाही.

वेरूळचं कैलास लेणं आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलेलं. नको तो दगड काढत जायचा, उरेल ते देऊळ. बिघाड शोधणं तसंच असतं. दोषी कोण हे पहिल्यांदा कळत नाही. निर्दोष कोण ते एकेक करून बाजूला काढायचं.

पहिली परीक्षा फुकटची. पट्ट्या दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो मोबाईलवर उघडून बघायचा. मॉनिटर किंवा केबल खराब असेल तर स्क्रीनशॉट स्वच्छ येतो, कारण चित्र मशीनच्या आत नीट तयार झालेलं असतं, बिघाड बाहेर पडल्यावर होतो. मोबाईलवरही पट्ट्या दिसल्या. मॉनिटर आणि केबल सुटले.

दुसरी परीक्षा. कॅबिनेट उघडलं, धुळीचं दर्शन घेतलं, कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि मॉनिटर मदरबोर्डवरच्या पोर्टला लावला. प्रोसेसरमध्येच एक छोटं ग्राफिक्स असतं, त्यावर गेम चालवला. रडतखडत चालला, पण चालला. पृथ्वी तशीच, पट्ट्या-पट्ट्यांची. म्हणजे बारा हजारांचं कार्ड टेबलावर पेपरावर पडलंय आणि पट्ट्या स्क्रीनवर मजेत आहेत. मेलेला माणूस भुताटकी करत असेल, पण काढून ठेवलेलं कार्ड नाही करत.

इथेच बारा हजार वाचले होते खरं तर. पण मामांना 'कार्ड चांगलंय' एवढं सांगून भागणार नव्हतं. "मग काय खराब आहे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यामुळे तिसरी परीक्षा. एकच सेव्ह केलेली स्थिती तीनदा उघडली. तिन्ही वेळा पट्ट्या त्याच जागी, त्याच आकाराच्या. गेम पॉज केला तर पट्ट्याही थिजल्या. कॅमेरा एवढासा फिरवला की सरकल्या. तापलेलं किंवा मेमरी गेलेलं कार्ड असं शिस्तीत वागत नाही, ते कुठेही, कधीही, कसलेही ठिपके टाकतं. शिस्तीत चुकतंय म्हणजे गणित चुकतंय.

चौथी गोष्ट मामेभावानेच दाखवली. "दादा, जमिनीवर असताना नाय होत. धावपट्टीच्या लांबच्या पट्ट्या जरा थरथरतात. जसं वर जाऊ तसं वाढत जातं."

हे ऐकलं आणि डोक्यात दिवा लागला. आणि त्याच क्षणी घरातले गेले. लाईट गेली. :)

मग आम्ही गच्चीवर गेलो, वही, पेन आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन. मामी चिवडा देऊन गेल्या. पुढचं सगळं ट्रबलशूटिंग त्या वहीत झालं.

झालंय काय, तर त्रिमितीय चित्र काढताना कार्डाला प्रत्येक ठिपक्यासाठी ठरवावं लागतं की पुढे कोण आणि मागे कोण. ढग पुढे की जमीन? त्यासाठी ते प्रत्येक ठिपक्याचं अंतर एका वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवतं. याला म्हणतात डेप्थ बफर किंवा झेड-बफर. १९७४ मध्ये युटा विद्यापीठात एड कॅटमल नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात ही कल्पना मांडली. हेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि २०१९ चं ट्युरिंग अवॉर्ड त्यांना पॅट हॅनराहान यांच्याबरोबर मिळालं. कल्पना साधी आहे: नवा ठिपका आधीच्यापेक्षा जवळ असेल तर रंगवायचा, लांब असेल तर सोडून द्यायचा.

आता हे अंतर लिहायला सहसा २४ बिट असतात. म्हणजे मोजपट्टीवर एकूण १,६७,७७,२१६ खुणा. भरपूर वाटतात ना? गोची अशी की या खुणा सारख्या अंतरावर नसतात. जवळच्या वस्तूंसाठी दाट आणि लांबच्यांसाठी विरळ. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारा सुरुवातीला हात सैल सोडतो, पहिल्या पानांवर चार-चार, आणि शेवटच्या पानापर्यंत पोचतो तेव्हा ताटात नुसता पाक. अगदी तसं. आणि पंगत कुठून सुरू होते हे ठरवणारा एक आकडा असतो, त्याला निअर प्लेन म्हणतात. कॅमेऱ्यापासून याहून जवळचं काहीच काढायचं नाही, अशी हद्द. गणित असं बसतं की या हद्दीपासून तिच्या दुप्पट अंतरापर्यंतच निम्म्या खुणा खर्च होतात. शंभर पटीपर्यंत ९९ टक्के.

"या गेममध्ये ती हद्द किती आहे?" मी विचारलं.

मामेभाऊ गप्प. मग हळूच म्हणाला, "०.०१."

"मीटर? म्हणजे एक सेंटिमीटर? तुला कसं माहीत?"

आणि मग सगळं बाहेर आलं. गेमबरोबर येणारं कॉकपिट म्हणजे स्क्रीनवर चिकटवलेलं एक सपाट चित्र. साहेबांना खरंखुरं हवं होतं, मान वळवली की बाजूची बटणं दिसतील असं. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी केलेलं एक त्रिमितीय कॉकपिट उतरवून टाकलं. त्यात डोळ्यासमोरचे स्विच कापले जायला लागले, म्हणून एका टेक्स्ट फाईलमधला आकडा ५ होता तो ०.०१ केला. स्विच दिसायला लागले. पृथ्वी गेली. आणि तेवढ्यात वडिलांनी मशीन दुकानात नेलं, तिथे 'कार्ड जळलं' असा निकाल लागला, त्यानंतर तोंड उघडायची हिंमतच झाली नाही. त्याला खरोखर वाटत होतं की आपण बारा हजार जाळले.

मी म्हटलं, "रडू नको. गणित कर."

एक सेंटिमीटर हद्द. ९९ टक्के खुणा पहिल्या एका मीटरमध्ये संपल्या, म्हणजे कॉकपिटच्या आतच. शेवटची खूण कुठे पडते? एक सेंटिमीटर गुणिले १,६७,७७,२१६. म्हणजे जवळजवळ १६८ किलोमीटर. त्यापलीकडे खूणच नाही! आणि साहेब निघालेत ४०० किलोमीटरवरून खुलताबाद बघायला. तिथून जमीन आणि ढग दोघंही एकाच, शेवटच्या खुणेवर. पुढे कोण, मागे कोण, कार्डाला काही कळत नाही. गोळाबेरजेतल्या बारीक चुकीने इथे ढग जिंकतो, तिथे जमीन. त्याच त्या पट्ट्या. या भांडणाला नावच आहे, झेड-फायटिंग.

"मग लांबची हद्द कमी केली तर?" त्याने विचारलं. चांगला प्रश्न. पण उपयोग जवळजवळ शून्य. सूत्रात एका खुणेची रुंदी म्हणजे अंतराचा वर्ग, भागिले जवळची हद्द गुणिले एकूण खुणा. लांबच्या हद्दीचा वाटा इतका किरकोळ की मी तो लिहिलाही नाही. पंगत कुठे संपते याने फरक पडत नाही, पहिल्या पानावर किती वाढलं याने पडतो.

मग मी त्याला म्हटलं, आता आपण आधी निकाल लिहू, मग पेपर देऊ. गेमच्या फाईलमध्ये ढगांचा थर १० किलोमीटर उंचीवर होता. खुणेची रुंदी १० किलोमीटर झाली की ढग आणि जमीन वेगळे ओळखता येणार नाहीत. ते किती उंचीवर होईल? त्याने टॉर्चच्या उजेडात वर्गमूळ काढलं: साधारण ४१ किलोमीटर. वहीत लिहिलं, खाली तारीख टाकली. आणि हद्द परत ५ मीटर केली तर ४०० किलोमीटरवर एका खुणेची रुंदी? १.९ किलोमीटर. ढग पाच खुणा वर. भांडण मिटलं.

लाईट आली. कार्ड परत बसवलं, यान सोडलं, कॅमेरा सरळ खाली केला आणि दोघंही उंचीच्या आकड्याकडे बघत बसलो. ३० ला स्वच्छ. ३५ ला स्वच्छ. ४० च्या अलीकडे-पलीकडे नाकाखालचे ढग फाटायला लागले. मामेभाऊ खुर्चीवरून उठून उभा राहिला. बोर्डात नंबर आला तरी हा पोरगा असा उठेल की नाही शंका आहे.

मग आकडा ५ केला. पृथ्वी चकचकीत. पण कॉकपिट गायब! साहजिकच, पाच मीटरच्या आतलं सगळं कापलं गेलं. अर्धा मीटर करून बघितलं: पॅनेल आलं, हाताजवळची दांडी कापली गेली, आणि पट्ट्याही थोड्या परत. एकच मोजपट्टी दोन्हीकडे पुरत नाही. यावर खरा उपाय म्हणजे चित्र दोन टप्प्यांत काढायचं. आधी लांबचं सगळं एका हद्दीने, मग डेप्थचा तक्ता पुसून टाकायचा, आणि वरून कॉकपिट वेगळ्या हद्दीने. म्हणजे दोन पंगती, दोन वाढपी. ही सोय गेममध्ये होती, एक टिक करायची. आणि ती करा, आकड्याला हात लावू नका, असं त्या कॉकपिटबरोबर आलेल्या सूचनांच्या फाईलमध्ये चक्क लिहिलेलं होतं. रीडमी नावाची फाईल जगात कुणी वाचत नाही. ती न वाचण्यावरच आमच्या धंद्यातल्या कितीतरी लोकांचं पोट चालतं.

दुकानदाराला नावं ठेवायचं कारण नाही. त्याच्याकडे पट्ट्या घेऊन येणारी बहुतेक मशीनं खरोखर जळक्या कार्डाची असणार. त्याने अनुभवावरून सांगितलं. फक्त कार्ड काढून बघायची दहा मिनिटं घेतली नाहीत.

राहता राहिले मामा. मी मामेभावाला म्हटलं, कार्ड चांगलंय हे मी सांगतो, पण आकडा कुणी बदलला ते तू सांगायचं. जेवताना त्याने सांगितलं. आवाज पार खाली. मामी वाढायच्या थांबल्या. मामांनी ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "बारा हजार देऊन नवं कार्ड आणलं असतं तर?"

"तरी पट्ट्या राहिल्या असत्या."

"अन् तू तवाबी गप बसला असता?"

याला उत्तर आलं नाही. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "म्हणजे काटा चांगला होता. सोनाराच्या काट्यावर ऊस तोलायला निघाला होता आपला हिरो." दुकानात जन्म काढलेल्या माणसाला मी तासभर जे समजावणार होतो ते त्यांनी एका वाक्यात संपवलं. आणि वहीकडे हात करून, "दाखव बरं काय गणित केलं ते." पोराने वही दाखवली. ४१ या आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मामांना वर्गमूळ कितपत कळलं माहीत नाही, पण आधी लिहिलेलं नंतर खरं झालं, हे त्यांना नीट कळलं. मशीन विकायचा विषय त्यानंतर निघाला नाही. बी.एस्सी.चा विषय त्याच रात्री निघाला. तो अजून चालू आहे.

आता कुणी म्हणेल, एका गेमवर एवढा कागद? पण मोजपट्टी कमी पडणं हा प्रकार गेमपुरता नाही. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. कारण? ०.१ सेकंद हा आकडा २४ बिटांत पूर्ण मावत नाही, थोडा कापला जातो. यंत्रणा सलग १०० तास चालू होती. ते बारीक बारीक तुकडे साचून घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं. तेवढ्यात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. कुठलाही भाग जळला नव्हता. नवीन कार्ड बसवून भागलं नसतं.

आणि गेमवाल्यांनीही यातून खूप वाटा काढल्यात. मेक्सिकोच्या स्क्वाड कंपनीचा कर्बल स्पेस प्रोग्रॅम २०११ मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा त्यात लांब गेलेली यानं आपोआप थरथरून फुटायची. लोकांनी त्या अदृश्य राक्षसाला क्रॅकन असं नाव ठेवलं. कारण पुन्हा तेच, लांबच्या आकड्यांना अचूकता पुरत नव्हती. उपाय मोठा गमतीचा केला: यान जागेवर ठेवायचं आणि बाकीचं विश्व हलवायचं! हल्ली बरेच गेम डेप्थची मोजपट्टी उलटी धरतात, जवळ १ आणि लांब ०, कारण फ्लोटिंग पॉइंट आकडे शून्याजवळ दाट असतात. एकीकडची दाटी दुसरीकडच्या विरळपणाला भरून काढते.

हे शेवटचं मी मामेभावाला सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. प्रिलिम जवळ आलीय, मागे मामांचा 'फोन ठेव' असा आवाज ऐकू येत होता. म्हणाला, "दादा, साध्या फ्लोटमध्ये २४ बिट असतात ना? मी काढलं. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर जमिनीवर अर्ध्या मीटरची उडी पडते. चंद्रापाशी ३२ मीटरची. अन् सूर्यापासून मोजलं तर सोळा किलोमीटरची."

"बरोबर आहे."

"मग आपलं यान चंद्रावर उतरताना ३२-३२ मीटरच्या उड्या मारत का नाय? गेम अंतर कुठून मोजत असेल?"

पंधरा दिवस पट्ट्या बघून घाबरलेला मुलगा आता जे नीट चाललंय ते का चाललंय असं विचारत होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. म्हटलं, प्रिलिम झाली की वही घेऊन बस, आणि आधी निकाल लिही.